आग्नेय व्यापारी वारे

भूगोलाच्या पेपरात हे वारे मी एकदा दोन मार्कांना लिहिले होते. आकृतीसह. पृथ्वीचा गोळा, मधोमध विषुववृत्त, आणि खालच्या अर्ध्यात आग्नेयेकडून विषुववृत्ताकडे तिरके जाणारे चार बाण. या बाणांच्या तोंडी कधी सायकल घालायची वेळ येईल, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारँहून सकाळी निघाले तेव्हा वारा नव्हताच. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा, हवा आपल्या दिवाळीतल्या सकाळीसारखी. गावाचं नाव चिंचेवरून पडलेलं, कडेला काळ्या दगडी बांधांची जुनी मिठागरं, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. परकी होती ती भाड्याच्या सायकलची सीट. "रियांबेल पन्नासेक किलोमीटर आहे, दुपारी तीनपर्यंत पोचेन," असं मी सायकलवाल्याला ऐटीत सांगितलं. तो काही बोलला नाही. मागच्या चाकात थोडी हवा मारली आणि पंप माझ्या पिशवीत टाकला.

ला गोलेतला पोचेपर्यंत बारा वाजले, आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. थोड्या वेळाने कळलं, सावली. मी दक्षिणेला चालले होते आणि सावली माझ्या पुढे पळत होती. मुंबई १९ अंश उत्तरेला, हे बेट २० अंश दक्षिणेला. म्हणजे इथल्या हिवाळ्यातला सूर्य दुपारी उत्तरेला. डोक्याला हे लगेच पटलं. मानेला नाही, कारण टोपीची झडप पुढे होती आणि ऊन मागून भाजत होतं. शेवटी टोपी उलटी फिरवली आणि पन्नाशीत पहिल्यांदा कॉलेजातल्या टपोऱ्यासारखी दिसले.

तिथेच रस्त्याकडेला धोलपुरी खाल्ली. पुरणपोळीने गुळाशी काडीमोड घेऊन तिखटाशी पाट लावावा, तसा हा प्रकार. आत नुसती पिवळी डाळ, वर घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा. विकतात जोडीने. विकणाऱ्या बाईंना मी मराठी आहे हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्याही मराठी. पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून ऊसमळ्यावर आलेल्या कुणाच्या तरी नातवंडांची नातवंडं. मराठी बोलता येत नव्हतं, आरत्या मात्र सगळ्या पाठ. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, आणि आपल्याकडच्या जाखडी नाचाला हे लोक झाकरी म्हणतात. पैसे त्यांनी घेतले, पण तिसरी धोलपुरी कागदात गुंडाळून पिशवीत पंपाशेजारी कोंबली. कोकणच ते.

मग ल मोर्नचा डोंगर आला. समुद्रातून सरळ वर उठलेला ५५६ मीटरचा काळा कडा. मळ्यांवरून पळालेले गुलाम इथे लपून राहत. १८३५ साली गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर येत होते, पण ते पकडायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा सांगतात. मी त्या कड्याकडे बघत वळसा घेतला, रस्ता पूर्वेला वळला, आणि कुणीतरी छातीवर तळहात ठेवून थांबवावं तशी सायकल थांबली.

ते चार बाण. इतका वेळ मधले डोंगर ते अडवून होते, आता आडोसा संपला. वर बघितलं तर पाण्यावर पतंगांना लटकलेली पोरं ह्याच वाऱ्यावर हवेत उड्या मारत होती. जगभरातून पैसे खर्चून त्यासाठीच आली होती. मी मान खाली घालून सगळ्यात हलका गिअर टाकला. वाऱ्यात सायकल चालवताना चढापेक्षा जास्त राग येतो. चढ निदान दिसतो, आणि त्याला माथा असतो.

बे द्यु कापच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

ट्यूब काढली, हवा भरली, पण भोक सापडेना. वाऱ्याच्या आवाजात फुसफुस ऐकू येणार कशी? कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आठवला, त्याचं ते गढूळ पाण्याचं घमेलं. माझ्यापुढे अख्खा हिंदी महासागर होता. खडकावर बसून मी ट्यूब वीत-वीत पाण्यात बुडवली. प्रवाळाच्या भिंतीमुळे आतलं पाणी उथळ आणि बरंच शांत. तिसऱ्या वीतेला बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. बोट ठेवलं, पुसलं, घासलं, सोल्युशन लावलं, पॅच दाबून धरला आणि शंभर आकडे मोजले.

मोजता मोजता आठवलं, इथेच फ्लिंडर्सचं स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाला बोटीने प्रदक्षिणा घालणारा हा दर्यावर्दी डिसेंबर १८०३ मध्ये गळकी बोट दुरुस्त करायला ह्या किनाऱ्याला लागला. फ्रेंच गव्हर्नरने हेर समजून धरला, तो सुटला १८१० मध्ये. मी पॅच आणखी पन्नास आकडे दाबून धरला.

बसले होते तो दगडही ओळखीचा निघाला. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून वर आला, त्याच जागेवर पुढे हे बेट तयार झालं, ८०-९० लाख वर्षांपूर्वी. एकाच चुलीवरचे दोन घाणे, सिंहगड आधीचा, हे नंतरचं. बेल ओंब्रच्या पुढे उसाच्या शेतांत ह्याच दगडांचे घराएवढे ढीग दिसतात. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. धोलपुरीवाल्या बाईंच्या पणजोबांनी त्यातले किती उचलले असतील, असं मनात आलं आणि मी वाऱ्याची तक्रार थोडा वेळ बंद केली.

तोडणी चालू होती. उभ्या उसाच्या कडेने वारा लागत नाही, तोडलेला फड आला की पुन्हा छातीवर हात. ऊस, फड, ऊस, फड.

रात्रीची खोली रियांबेलला होती. तिच्यावरून पुढे गेले, कारण ग्री ग्रीचा किनारा बघायचाच होता. तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, त्यामुळे लाटा थेट कड्यावर येऊन फुटतात. साडेपाच वाजले होते. तिसरी धोलपुरी तिथे खाल्ली, थंडगार आणि किंचित खारट.

मग सायकल उलटी वळवली. आणि एकदम आवाज बंद. वारा तोच होता, फक्त पाठीवर आला होता. पॅडल मारावंच लागेना. पाच किलोमीटर मी नुसती फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत गेले.