धुरपा अपडेट: नवव्या प्रकरणाची गाठ सुटली, दहावं आता वेगळंच होणार

मंडळी, धुरपा, म्हणजे माझ्या डार्क फॅन्टसी कादंबरीतली भाडोत्री पथक चालवणारी नायिका, शेवटी हलली! नववं प्रकरण अजून पूर्ण नाहीये, पण जिथे सगळं अडून बसलं होतं ती गाठ सुटली, आणि कशी सुटली ते सविस्तर लिहिते, कारण आपल्यातले निम्मे लोक असल्याच भाडोत्री, काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या पात्रांवर काम करून राहिले आहेत आणि हा खड्डा प्रत्येकाच्या वाटेत आहे.

मागचं लक्षात असेल तर, धुरपा सुपारी घेऊन राखगढीचा दरवाजा आतून उघडते आणि रात्रीतून आतली वस्ती जळते. मला हवं होतं की वाचणाऱ्याला तिला माफही करता येऊ नये आणि पुस्तक बाजूलाही ठेवता येऊ नये. पहिल्या ड्राफ्टमध्ये तिच्या बहिणीचा मृत्यू होता, तो वाचून सगळ्यांनी तिला माफ करून टाकलं. एका मैत्रिणीनं तर समासात लिहिलं, "काऊन वं, किती सोसलं बिचारीनं!" बिचारी? अहो, साठ घरं जळाली तिच्यामुळे. मग बहीण काढून टाकली, तर धुरपा नुसती दगड झाली, तिचं काय होते याच्याशी कोणाला देणंघेणंच उरलं नाही. मग गढीचा मालक राक्षस करून पाहिला, पण हा उपाय मला मनापासून आवडत नाही, डार्क फॅन्टसीत तो फार चालतो आणि फार स्वस्त आहे, आजूबाजूला सगळे सैतान ठेवले की कोणीही उजळ दिसते.

मग लिहिणं थांबवलं आणि पगारावर वाचत बसले. भाडोत्री शिपायाबद्दल वाचताना आपण तलवारी बघतो पण खरी गोष्ट थकबाकीत असते. 1527 च्या मे महिन्यात रोम लुटलं ते पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेनं, पगार महिनोन् महिने थकलेला होता म्हणून. आपल्या नागपुरात बघा, 26-27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात आप्पासाहेब भोसले शरण गेले, पण त्यांच्या चाकरीतल्या अरबांनी शहर सोडलं नाही, कंपनीच्या फौजेला वेढा घालावा लागला आणि अटी ठरल्यावरच ते बाहेर पडले. म्हणजे धनी हरला तरी चाकरांची बोलणी सुरूच! बर्डीवरून जाताना त्या लढाईची टेकडी किती वेळा बघितली असेल, पण या बाजूनं तिचा विचार कधी केला नव्हता. आणि ज्यांना वाटते की बाईनं भाड्याचं पथक चालवणं म्हणजे निव्वळ कल्पना, त्यांनी बेगम समरूबद्दल वाचा, 1778 मध्ये नवरा वारल्यावर त्याची भाडोत्री फौज तिच्या हाताखाली आली, 1795 मध्ये त्याच फौजेनं बंड करून तिला कैद केलं, तरी ती परत उभी राहिली आणि 1836 पर्यंत सरधनाची जहागीर तिच्याकडेच होती. स्वतःच्याच फौजेपासून सावध राहणारी सरदारीण, धुरपाच्या राहुटीत मला हाच ताण पाहिजे होता.

पण गाठ सुटली ती धरण्यानं. मराठा फौजेत पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत, आणि ते उठेपर्यंत सरदारानंही जेवायचं नाही अशी रीत. हे वाचलं आणि माझ्या जगाचा अख्खा नियम एका झटक्यात बदलला: पगार थकलेला शिपाई मेला की सुटत नाही. ज्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव आहे त्याच्या राहुटीपुढे रात्री येऊन बसतो. बोलत नाही, मारत नाही. पण तो तिथे असेपर्यंत आतल्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही.

धुरपाच्या राहुटीपुढे असे अकरा जण आहेत.

आता म्हणाल की ही परत मजबुरीच झाली, उपाशी बाई, काय करणार. मलाही तेच खटकत होतं. म्हणून त्या अकरा मेलेल्यांचा सगळा हिशोब स्प्रेडशीटमध्ये टाकला, कोणाचे किती महिने, कोणाचा काय दर, आणि बेरीज आली 286 होन. सुपारी 400 ची. मग सुचलं की गढीच्या किल्लेदारानंही तिला दरवाजा न उघडण्याचे 300 देऊ करावेत, आणि ते खरोखर द्यायची त्याची तयारी असावी. तीनशेत मेलेले अकराही सुटतात आणि वस्ती वाचते. चारशेत मेलेले सुटतात, वस्ती जळते आणि धुरपाच्या हाती 114 उरतात. घोड्याची किंमत 110.

घोडा का, तर धुरपा एकोणीस वर्षं बारगीर आहे, म्हणजे बसायचा घोडा सरदाराचा, तो कधीही काढून घेऊ शकतो. स्वतःचा घोडा असला की ती शिलेदार होते, पगार जास्त, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणता येते. आयुष्यात एकदाही नाही म्हणता न आलेली बाई नाही म्हणायचा हक्क विकत घेते आणि त्यासाठी साठ घरांना हो म्हणते. हे लिहून झालं तेव्हा फार बरं वाटलं, खरंच. दोन मैत्रिणींना पाठवलं, तर फुटाळा तलावावर बसून दोघी एकमेकींशी भांडल्या, एक म्हणे मी पण घोडाच घेतला असता, दुसरीनं तिच्याशी बोलणंच बंद केलं. मला नेमकं हेच पाहिजे होतं.

साधनांबद्दल थोडं. हिशोबाला स्प्रेडशीट उत्तम, पण धुरपाचा हजेरीपट मी हातानं लिहून राहिले आहे, इतवारीतून लाल कापडी बांधणीची चोपडी आणली त्यात. कागद साधाच आहे पण शाई फुटत नाही, आणि नाव खोडलं तर खोडलेलं दिसते. ऑनलाइन मागवलेल्या महागड्या ठिपक्यांच्या वहीची पानं नकाशा काढतानाच सुटली, परत घेणार नाही. बोलून टाइप करणं संवादांसाठी झकास, वर्णनाला मात्र हातच पाहिजे.

आणि थांबा, हे खोडण्याचं लिहिता लिहिताच एक सुचलं. धरणं धरायला नाव पटावर पाहिजे, आणि पट तर धुरपाच्याच हातात आहे! दरवाजा उघडताना पथकातला पोरगा म्हादू जखमी होतो हे आधीच लिहिलेलं आहे, त्याचे थकलेले 18 होन मी हिशोबात धरले नव्हते कारण तो जिवंत होता. रात्रीतून तो मेला तर 114 चे 96 होतात आणि घोडा गेला. म्हणजे धुरपानं तो जिवंत असतानाच त्याचं नाव खोडायचं. तो शुद्धीवर आहे, बघतोय.

आणि मग तो जगतो!

हे जास्त चांगलं आहे. दहाव्या प्रकरणात गढीच्या देवीचा शाप येणार होता, तो रद्द, शापाची गरजच उरली नाही. दहावं आता म्हादूच्या तोंडून, पटावर नाव नसलेला, पगार मागू न शकणारा, तरी पथकात राहिलेला पोरगा, आणि सोबत नवा घोडा. किल्लेदाराशी बोलणीचा प्रसंग त्यामुळे थोडा आधी घ्यावा लागेल, म्हणजे आठव्याचं शेपूट कापणं आलं. ते या आठवड्यात करते.

घोड्याच्या सामानाचे जुने शब्द कोणाकडे असतील तर नक्की पाठवा. खोगीर, रिकीब, लगाम, तोबरा एवढेच माझ्याजवळ आहेत, आणि धुरपा तो घोडा घेताना दात बघून, खूर उचलून, सामानासकट चांगली घासाघीस करणार आहे.