आमची वाटचाल : फुकटची धायटी

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची रोपवाटिका आहे. 2009 साली सुरू केली तेव्हा आम्ही रोपं करत नव्हतो, नुसती विकत होतो. पुण्याकडून गुलाब, जास्वंद, शेवंती आणायची आणि पिशवीमागे पाच-सात रुपये सुटले की खूश.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटातून परतणाऱ्या गाड्या थांबायच्या. एकच प्रश्न असायचा, "दरडीवर ते तांबड्या नळ्यांचं झुडूप आहे ना, ते मिळेल का?" नाही म्हणून सांगायचं आणि गुलाब पुढे करायचा. एका मोसमात असे तिघे-चौघे रिकाम्या हाताने गेले, तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, धायटीची रोपं करू या. त्या हसायलाच लागल्या. "अगं, माळावर फुकट पडलेली धायटी कोण विकत घेईल? आम्ही पोरं तिची फुलं तोडून मध चोखायचो."

जंगलातून झाड उपटून आणायचं नाही हे ठरलेलंच होतं. एक तर तो गुन्हा, दुसरं म्हणजे कातळाच्या फटीत गेलेलं मूळ अखंड निघतच नाही. म्हणजे बीच हवं. फुलाची लाल नळी वाळून तपकिरी होते, तरी फांदीवरच राहते आणि तिच्या आत बोंड पिकतं. एप्रिलच्या शेवटी आम्ही आमच्या बांधावरच्या झुडपांची ती बोंडं आणली, वर्तमानपत्रावर वाळवली, चोळली आणि चहाच्या गाळणीतून चाळली. खाली पडली ती तपकिरी पूड. तेच बी!

पहिल्या वर्षी ते गुलबाक्षीसारखं मातीखाली पुरलं. एकही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी वर पसरलं, पण झारीच्या पाण्याने सगळं एका कोपऱ्यात वाहून गेलं. तिसऱ्या वर्षी रेतीत मिसळून ट्रेवर भुरभुरलं, वर माती घातलीच नाही, आणि ट्रे पाण्याच्या परातीत ठेवला. खालून ओल चढली आणि हिरवी बुरशी आल्यासारखी रोपं दिसली. युक्ती सासूबाईंचीच, त्या तुळशीचं बी असंच करत. त्यातलीही बरीच कुजली. उरली ती मुरूम, तांबडी माती आणि थोड्या शेणखताच्या पिशव्यांत भरली.

पहिली मोठी ऑर्डर पुण्यातल्या एका सोसायटीची, टेकडीच्या उतारावर 300 रोपं. लावून आलो. त्यांच्या माळ्याने लॉनबरोबर रोज पाणी दिलं आणि दोन महिन्यांत निम्मी रोपं मुळाशी सडली. बिलाचे निम्मे पैसे अजून येणे आहेत. तेव्हापासून प्रत्येक पिशवीबरोबर चिठ्ठी देतो: भरपूर ऊन, निचऱ्याची जमीन, पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, पुढे पावसावर सोडा. बहर संपला की छाटा, नाहीतर लांब फांद्या लोळतात. कुंडीत लावायचीच असेल तर मोठी घ्या, पण फ्लॅटच्या सावलीतल्या बाल्कनीसाठी मागू नका, आम्ही देणार नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मध्यंतरी काष्ठौषधींचे एक व्यापारी आले. आसव-अरिष्टं, म्हणजे आयुर्वेदातली आंबवून केलेली औषधं, आंबवायला धायटीची फुलं घालतात, तिथली धातकी ती हीच. वाळलेल्या फुलांना भाव बरा होता. मिस्टरांचं मन झालं होतं. पण फूल तोडलं की बोंड नाही आणि बोंड नाही तर पुढच्या वर्षी रोप नाही. शिवाय बहराच्या दिवसांत आमच्या मातृवृक्षांवर सकाळी शिंजीर पक्ष्यांची जी झुंबड असते, ती बघायलाच निम्मी गिऱ्हाइकं येतात. (ज्यांचं बी धरतो त्या झुडपांना 'मातृवृक्ष' म्हणणं विनोदी आहे, पण आमच्या धंद्यात तोच शब्द.)

आता तरवड, करवंद, निर्गुडी, मुरुडशेंगही करतो. गुलाब दोन वाफ्यांपुरता उरलाय, तोही गावातल्या बायका मागतात म्हणून. धायटीची बहीण म्हणावी अशी मेंदी. कूळ तेच, पण छाटकलमाने महिन्याभरात तयार होते, त्यामुळे घरखर्च ती चालवते आणि धायटी नाव चालवते.

सासूबाई अजूनही गल्ल्यावर बसतात. कुणी धायटीचे साठ रुपये मोजले की नोट हातात घेऊन माझ्याकडे बघतात, आणि गिऱ्हाइकाची पाठ वळेपर्यंत हसू दाबून ठेवतात.