तलफ आणि लवंग

मामांनी सिगारेट सोडायचे ठरवल्यापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पाकिटाऐवजी लवंगा आणि भाजलेल्या ओव्याची पुडी असते, आणि आज दिवसभर त्यांच्यासोबत असल्यामुळे तिचा उपयोग मला जवळून पाहता आला. जेवणानंतर तलफ आली तेव्हा त्यांनी एक लवंग दाढेखाली धरली, पेलाभर पाणी घोट घोट प्यायले आणि गच्चीवर फेऱ्या मारल्या. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांतच ओसरतो आणि तेवढा वेळ तोंड व हात गुंतवून ठेवणे हेच अशा घरगुती उपायांचे खरे काम आहे. लवंगेने निकोटिनचे व्यसन सुटते, असे मात्र मी म्हणणार नाही.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी आपुलकीने त्यांना 'हर्बल' सिगारेट देऊ केली, ती मी आग्रहाने परत करायला लावली, कारण तंबाखू नसला तरी जळणाऱ्या पानांच्या धुरात टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतातच.

वनस्पतीपासून मिळणाऱ्या उपायांत मला खरा भरवसा वाटतो तो सायटिसीनचा. लॅबर्नम नावाच्या झाडाच्या बियांतले हे द्रव्य बल्गेरियात १९६० च्या दशकापासून औषध म्हणून वापरले जाते, आणि न्यूझीलंडमधील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत महिन्याभरानंतर ते घेणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते, तर निकोटिनची पट्टी, गोळी वगैरे वापरणाऱ्यांपैकी ३१ टक्के. त्या बिया विषारी असल्याने हा घरी करण्याचा प्रयोग नव्हे, हे मामांना मी पुन्हा पुन्हा सांगितले. आता १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या दूरध्वनी सेवेवर, आम्ही दोघे मिळून फोन लावणार आहोत. तिथले समुपदेशन विनामूल्य असते.