तुम्ही विचारलंत म्हणून: स्ट्रॉबेरीचा जुना वाफा

"वाफा तोच, खत-पाणी तेच, मग चौथ्या वर्षी फळ एवढंसंच का? सगळं उपटून टाकू का?" स्ट्रॉबेरी लावणारं कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच.

उपटण्याआधी एका जुन्या रोपाच्या बुडाची माती बोटाने सारून बघा. पानं जिथून फुटतात तो गड्डा जमिनीच्या वर आलेला दिसेल, काळपट आणि लाकडासारखा टणक. तो दरवर्षी वरच्या अंगाने वाढतो आणि नवी मुळं त्या वरच्या भागातूनच फुटतात. मातीपर्यंत पोहोचण्याआधीच ती सुकतात. खालची जुनी मुळं तोवर मेलेली असतात. मग खताची पोती ओतली तरी ते घेणार कोण? त्यात रनरची, म्हणजे रोपातून निघून जमिनीवर सरपटणाऱ्या आणि रुजणाऱ्या फांद्यांची, रोपं दाटीवाटीने उभी, एकमेकांचं ऊन आणि पाणी ओढणारी.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: आई काढा, लेकी ठेवा. जीवावर येतं, मला माहीत आहे. पण पुढचं फळ रनरवर रुजलेली तरुण रोपंच देणार आहेत. दोन रोपांत साधारण 15 सेंटिमीटर अंतर राहील इतकीच ठेवा.

वेळ मात्र पाळा. वर्षातून एकदाच बहर येणारी जात असेल, तर शेवटची फळं तोडल्यावर आठवड्याभरात पानं कापायची, गड्ड्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून. गड्ड्याला कात्री लागता कामा नये. मग खत, कुजलेल्या कंपोस्टचा पातळ थर (मधला कोंब उघडाच हवा) आणि नियमित पाणी. एका वर्षी मी हे काम आज करू, उद्या करू म्हणत लांबवलं. दिवस लहान होऊ लागले की पुढच्या हंगामाच्या कळ्या गड्ड्याच्या आतच तयार होतात, आणि त्यासाठी अंगावर भरपूर पानं लागतात. माझ्या रोपांवर तेव्हा जेमतेम दोन-दोन पानं होती. पुढच्या बहरात मोजकीच फुलं आली. बारमाही फळणाऱ्या जातींची पानं मात्र अशी सरसकट कापू नका.

पानं सुरकुतलेली, कडा पिवळ्या, रोपं खुजी असं दिसलं तर विषाणूची शंका घ्या. तिथे लेकींचा मोह सोडा. रनर म्हणजे त्याच रोपाचा तुकडा, रोग त्याच्याबरोबर जातोच. मावा तो आणखी पसरवतो. असा वाफा पूर्ण काढा आणि खात्रीची रोगमुक्त रोपं दुसऱ्या जागी लावा. त्या जागेत गेल्या तीन-चार वर्षांत टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची नसावी, कारण त्यांचा मर रोग मातीत टिकून राहतो आणि स्ट्रॉबेरीलाही धरतो.

मी आता सगळा वाफा एकदम म्हातारा होऊच देत नाही. दर हंगामानंतर एक तृतीयांश भागातली जुनी रोपं काढते आणि शेजारच्या ओळीतले सगळ्यात ठसठशीत रनर तिकडे वळवून तारेच्या आकड्याने मातीत दाबते.