फेऱ्या आणि फेर्‍या: नवशिक्यांना रॅकेट शिकवताना

कर्वेनगरच्या रविवारच्या वर्गात कधीच कोड न लिहिलेल्यांना मी रॅकेट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. २०१० पर्यंत या भाषेचं नाव पीएलटी स्कीम होतं. रॅकेट लिहायच्या-चालवायच्या ‘डॉ. रॅकेट’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘बिगिनिंग स्टुडंट’ पातळी निवडली की भाषा मुद्दाम छोटी होते, म्हणून मी हीच घेतो. शिवाय व्हेरिएबलना, म्हणजे किमती साठवणाऱ्या नावांना, मराठी नावं देता येतात.

कोडमधले कंस लावणं आणि वर्तुळं काढणं पहिल्याच दिवशी जमतं. भाषा बदलल्यावर ‘रन’ बटण दाबायचं, तोवर खालच्या खिडकीत जुनीच भाषा चालते.

अडलं ते ‘फेऱ्या’ या एका शब्दावर. स्वारगेट-कात्रज बसच्या दिवसभरातल्या फेऱ्या गुणिले एका फेरीचं अंतर, एवढाच प्रोग्राम. व्याख्या, म्हणजे या नावाला आकडा देणारी ओळ, फोनवर टाइप करून आणलेली; गुणाकाराची खालची ओळ लॅबमधल्या इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर. रन दाबलं की ‘धिस व्हेरिएबल इज नॉट डिफाइन्ड’. कंस बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी तेच. दोन रविवार यात गेले, आणि मुलांना वाटत राहिलं की चूक आपलीच.

शेवटी दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत घालून स्ट्रिंग-लेंग्थ या अक्षरं मोजणाऱ्या फंक्शनला दिले. एकाचं उत्तर ६, दुसऱ्याचं ७! इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून येणारा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. फोनच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक घातला होता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, रॅकेटसाठी दोन वेगळी नावं. भाषेचा यात काही दोष नाही, ती अक्षरं जशीच्या तशी वाचते. पण नवशिक्याला हे कोणी आधी सांगत नाही, याचा मला अजून राग येतो.

म्हणून आता ऱ्य, ऱ्ह असलेली नावं मी टाळतो. फेऱ्यांऐवजी ‘खेपा’. नाव एकदाच टाइप करायचं, पुढे कॉपी-पेस्ट. दोन शब्द जोडायला मध्ये जागा न सोडता आडवी रेघ: एकूण-अंतर.

आकडे मात्र इंग्रजीच हवेत. १२ असं देवनागरीत लिहिलं तर रॅकेट त्यालाही नावच समजते आणि पुन्हा तीच एरर येते.

आणि हो, लॅबची मशिन्स रोज रीसेट होत असतील तर मेनूतून निवडलेली भाषा टिकत नाही. फाइलच्या पहिल्या ओळीतच हॅश लँग, मग जागा सोडून एचटीडीपी स्लॅश बीएसएल (#lang htdp/bsl, म्हणजे तीच ‘बिगिनिंग स्टुडंट’) लिहून ठेवा.