पंधराव्यातल्या पैशांतून स्मशानशेड बांधताना

सरपंच झाले आणि पुढच्याच महिन्यात ग्रामपंचायतीच्या खात्यावर पंधराव्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या निधीचे, ४ लाख २० हजार जमा झाले. माझ्या मनात एकच काम होतं, स्मशानभूमीची शेड. आमच्याकडे पावसाळ्यात चितेवर ताडपत्री धरून उभं राहावं लागतं. सासऱ्यांच्या वेळी मी ते पाहिलंय.

भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, म्हणाले, "ताई, सगळे नाही वापरता येणार. साठ टक्के बंधित आहेत."

बंधित म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचे: पाण्याला १ लाख २६ हजार, स्वच्छतेला तेवढेच. हातात उरले अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे, १ लाख ६८ हजार, आणि त्यातूनही पगाराला एक रुपया देता येत नाही. शेडचं अंदाजपत्रक होतं ३ लाख ४० हजारांचं. शिवाय गावाच्या आधीच्या विकास आराखड्यात शेड नव्हतीच, आणि आराखड्यात नसलेलं काम ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे पंचायतीच्या कामांच्या आणि पेमेंटच्या सरकारी पोर्टलवर, घेता येत नाही. मग ग्रामसभा बोलावली, ठराव केला, पुरवणी आराखडा केला. त्या सभेला बाया मोठ्या संख्येने आल्या, याचा मला आजही आनंद आहे.

खरा वेळ खाल्ला तो डोंगलने, म्हणजे डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या यंत्राने. पेमेंटला भाऊसाहेबांची आणि सरपंचाची अशा दोन डिजिटल सह्या लागतात. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते दुरुस्त करून सही नोंदवून घेण्यात अडीच महिने गेले. तालुक्याला सात खेपा झाल्या, दर वेळी नवा कागद मागितला. कागदांची पूर्ण यादी पहिल्याच दिवशी लिहून मागा, असं मी आता प्रत्येक नव्या सरपंच बाईला सांगते.

बंधित निधीचा मला सुरुवातीला फार राग आला होता. वरच्या वाडीची पाइपलाइन आणि शाळेमागचं गटार त्यातूनच झालं, तेव्हा तो थोडा निवळला. माझ्यावर सोडलं असतं तर गटार मागेच पडलं असतं, हे खरं आहे. तरीही साठ टक्के फार होतात. ज्या गावात पाण्याचं काम जलजीवन या नळपाणी योजनेतून आधीच चालू आहे, तिथे ही वाटणी ग्रामसभेला बदलता आली पाहिजे. आमची घरपट्टी वर्षाला जेमतेम नव्वद हजार वसूल होते. राज्याच्या पैशातला गावांचा वाटा सुचवणारा राज्य वित्त आयोगही राज्यघटनेने नेमायला सांगितलाय, पण आमच्या ग्रामसभेत त्याचं नाव कधी निघत नाही. सगळे विचारतात ते एकच, "पंधराव्यातून किती आले?"

पैसे पुरत नव्हते म्हणून शेडचे दोन टप्पे केले. पहिला टप्पा झाल्यावर शाखा अभियंत्यांनी एमबी, म्हणजे कामाची मोजमाप वही, भरली, फोटो अपलोड झाले, आणि एका संध्याकाळी भाऊसाहेबांच्या पाठोपाठ मी डोंगल लावून सही केली. दोन दिवसांनी ठेकेदाराचा फोन आला, पैसे जमा झाले.

ओटा आणि खांब उभे आहेत. पत्र्यांचं काम पुढच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर लिहून घेतलंय.