तुम्ही विचारलंत म्हणून: गणित ठरलेलं असताना वकील कशाला?

"मॅडम, भरपाईचं गणित तर सुप्रीम कोर्टानेच बांधून दिलंय. मोबाइलवर कॅल्क्युलेटरही मिळतो. मग तुम्ही नक्की करता काय?" अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या वकिलाला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही चुकत नाही. विचारणाऱ्याचं चुकीचंही नसतं. गणित खरंच ठरलेलं आहे.

२००९ च्या सरला वर्मा निकालाने वयाप्रमाणे मल्टिप्लायर, म्हणजे वर्षाची रक्कम कितीने गुणायची तो आकडा, लावून दिला, २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने कमाईत पुढे किती वाढ धरायची ते सांगितलं. समजा, ३४ वर्षांचा भाजीवाला ट्रकखाली गेला. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. कमाई महिना १२,००० धरली तर त्यात ४० टक्के वाढ, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा, गुणिले १२ महिने, गुणिले त्याच्या वयाचा मल्टिप्लायर १६. झाले २४,१९,२०० रुपये. कमाई २०,००० धरली तर होतात ४०,३२,०००. माणूस तोच, ट्रक तोच, आणि फरक सोळा लाखांचा. सगळा फरक त्या पहिल्या आकड्यात आहे, आणि तो आकडा कॅल्क्युलेटर तुम्हालाच विचारतो.

नोकरदाराची पगाराची स्लिप असते, फॉर्म १६ असतो. हातगाडीवाल्याचं काय असतं? मी घरच्यांना सांगते, जो सापडेल तो कागद आणा. बाजार समितीतल्या आडत्याच्या पावत्या, भिशीची वही, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या फीच्या पावत्या, फोनपेचे व्यवहार. त्यातून माणसाचा महिना उभा करायचा. एवढी फी भरणारा बाप विमा कंपनी म्हणते त्या आठ हजारांत घर कसा चालवत होता, हे समोरच्याला सांगता आलं नाही पाहिजे.

मग विमा कंपनीचे वकील उठतात आणि रेशनकार्ड दाखवतात. केशरी कार्ड, म्हणजे वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत. नाहीतर पोराच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला. "हा दाखला तुमच्या मिस्टरांनीच काढला होता ना?" बाई हो म्हणते. खोटं कसं बोलणार? आता दाखल्यावर कोणतं घर पुरतं उत्पन्न लिहून घेतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, कोर्टालाही. पण कागद रेकॉर्डवर येतोच. त्या वकिलांचा मला राग नाही, ते त्यांचं काम चोख करतात. राग येतो तो "कशाला तारखा घालता, मिटवून टाका" म्हणत बाईला अर्ध्या रकमेवर राजी करू पाहणाऱ्या मध्यस्थांचा.

घरातली बाई गेली असेल तर गंमत वेगळीच. तिचा नवराच पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, "ती काही करत नव्हती, घरीच असायची." २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी पाहणीचे आकडे दिले: बायका घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. घरकामाचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यायची, हेही त्या निकालात आहे. तो निकाल आधी नवऱ्याला समजावून सांगावा लागतो, न्यायाधीशांना नंतर.

जखमीच्या दाव्यात असाच वाद टक्क्यांवर होतो. सर्टिफिकेटवर ६० टक्के अपंगत्व म्हणून कमाईही ६० टक्केच बुडाली असं नसतं. २०१० च्या राजकुमार निकालात उदाहरणच आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून आधी विचारायचं, हा माणूस हाताने करत काय होता?

सरकारविरुद्धची प्रकरणंही मी घेते. तिथे मल्टिप्लायरचा तक्ता कामाला येतोच असं नाही. रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटले आणि बिहारच्या तुरुंगातून बाहेर आले १९८२ मध्ये. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ३०,००० रुपये देवविले, आधीच्या पाच हजारांवर. आज हे हास्यास्पद वाटतं, पण मूलभूत हक्क तुडवला तर सरकारने पैसे मोजायचे ही वाट तिथे खुली झाली. १९९३ चा नीलाबती बेहेरा निकाल त्याच वाटेवरचा: ओडिशाच्या या आईने पोलीस कोठडीत मेलेल्या मुलासाठी पाठवलेलं पत्रच कोर्टाने याचिका मानलं होतं. सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्या कामगारांच्या घरच्यांना आधी दहा लाख ठरले होते, २०२३ पासून तीस. २०१९ मध्ये गोवंडीत तीन कामगार असेच गेले. टँक खासगी सोसायटीचा, तरी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने सरकारला सांगितलं, दहा-दहा लाख आधी तुम्ही द्या, मग जबाबदारांकडून वसूल करा. अशा प्रकरणात रक्कम ठरलेली असते, भांडण असतं पोलिसांच्या पहिल्या वाक्याशी. "पाय घसरून पडला" असं तिथे लिहिलं गेलं की त्याला आत कोणी उतरवलं हे सिद्ध करण्यात वर्षं जातात.

"तुमचे टक्के किती?" हेही विचारतात. अमेरिकेत निकालावर एक तृतीयांश घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी ती चालत नाही. प्रत्यक्षात चालते का, हे कोणत्याही कोर्टाच्या कँटीनमध्ये विचारा. मी फी ठरवून घेते, ती हप्त्यांनी येते, कधी येत नाही.

तारखेचं एक मात्र ऐकून ठेवा. लोक वर्षश्राद्ध उरकून येतात. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या क्लेमला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तेरावं झालं की या, आणि घरातला एकही कागद फाडू नका.